डाव्या खांद्याचा मंत्री

बाबा : तुझा खांदा वळला नाही.

लेक : कधी?

बाबा : काल, टीव्हीवरच्या चर्चेत. मंत्री बोलत होता तेव्हा तू डावीकडे वळलेली होतीस. ते बरोबर. मग डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या. तू डावीकडेच राहिलीस.

लेक : नाही हो बाबा. मंत्री डावीकडे, बाई उजवीकडे. रोज तेच करतेय. वळले असणारच मी.

बाबा : माझ्याकडे बघ. तू एवढीशी होतीस तेव्हा मी तुला गोष्ट सांगायला शिकवली. मांजर डाव्या खांद्यावर, उंदीर उजव्या. मांजराकडून उंदराकडे वळायचं राहिलं, तर उंदराचं बोलणं कोण बोलतं?

लेक : मांजर.

बाबा : काल तेच झालं.

(स्वयंपाकघर, दिवेलागणीची वेळ. बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं ते हातांनी. लेक टीव्हीच्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून, ऐकू न येणाऱ्यांसाठी दुसऱ्यांचं बोलणं हातांनी सांगते; ज्याचं बोलणं, त्याच्या बाजूला खांदा वळवते. बाबा ते ऐकू न येणाऱ्यांच्या मंडळात बसून बघतात. आईला ऐकू येतं आणि ती तोंडानंच बोलते. तिचं बोलणं लेक बाबांपर्यंत पोचवत राहते.)

लेक : म्हणजे बाईंचं बोलणं मंत्र्यांच्या नावावर गेलं. कुठपर्यंत?

बाबा : बाई थांबेपर्यंत. इस्पितळातल्या पोराची गोष्ट, सगळी. त्यानं खिडकी मागितली, बाईंनी त्याची खाट खिडकीपाशी ओढली, सकाळी खिडकी होती आणि पोरगा नव्हता. तू फार छान सांगितलंस. मी इतकं छान कधी बघितलं नव्हतं.

लेक : आणि शेवटचं?

बाबा : तेही. ‘मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगते, युद्ध नको.’ आता तूच बघ. बाई आणि पुरुष हातांत कळत नाहीत. आम्हाला दिसलं ते एवढंच, की मंत्री रडवेला झाला आणि म्हणाला, मी बघितलंय, युद्ध नको.

लेक : पण मंत्र्यांचा चेहरा दिसत होता की पडद्यावर. तो माणूस तर खुर्चीत पाठ टेकून बसला होता.

बाबा : त्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतं? आम्ही तुझ्याकडे बघतो.

लेक : मंडळात सगळे होते?

बाबा : सगळे. म्हातारा माळीसुद्धा आला होता. लोक खुर्च्यांवर चढले. जमिनीवर पाय आपटत होते, माझ्या तळव्यांना अजून झिणझिण्या आहेत. कुणीतरी दिवा लावत होतं, घालवत होतं, लावत होतं. आमच्यात टाळ्या अशाच. आणि शिंपी हसला. त्याची बायको गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. टेबलावर डोकं ठेवून हसत होता, टेबल हलत होतं.

लेक : त्याचा मुलगा सैन्यात माझ्या धाकट्या भावाच्याच छावणीत आहे ना?

बाबा : शेजारच्या तंबूत.

आई : झाली का तुमची हवेतली शिलाई? जेवण निवायला लागलंय. आणि गं, गाडी येईल तुझी. आज मंत्र्याचं मतदानाआधीचं शेवटचं भाषण, उशीर केलास तर तो तुझ्यावाचून थांबायचा नाही.

लेक : आई, काल माझ्याकडून मोठी चूक झाली. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मी मंत्र्यांचं म्हणून सांगितलं. मंडळातल्या लोकांना वाटतंय, मंत्रीच युद्ध नको म्हणाला.

आई : अगं बाई. म्हणजे जे सगळ्या देशाला जमलं नाही ते तुझ्या खांद्यानं केलं. मंत्र्याला शहाणं करून सोडलं.

लेक : हसू नकोस.

आई : हसत नाही, पाणी आलं डोळ्यात. पण मला सांग, त्यांना हे खरं तरी कसं वाटलं? गेला महिनाभर तो माणूस एकच एक टेप लावून बसलाय. एका रात्रीत पालटला?

लेक : बाबा, आई विचारतेय, लोकांनी विश्वास कसा ठेवला?

बाबा : तिला सांग, आम्हाला वाटलं की बाईंचं ऐकून त्याला पटलं. समोरासमोर बसून बोलायचं ते कशासाठी असतं? एकाचं ऐकून दुसऱ्याला कळावं म्हणूनच ना?

लेक : म्हणतात, समोरासमोर बसून बोलायचं ते त्यासाठीच असतं ना.

आई : यांना ऐकू येत नाही म्हणून यांचं मन असं राहिलंय बघ. एक दिवस कान उसने द्यायला हवेत.

लेक : बाबा, पुढं काय झालं? युद्ध हवं की नको, त्यावर लोक उद्या मत द्यायला जाणार आहेत ना?

बाबा : कशाला जातील? मंत्रीच नको म्हणाला. संपलं. शिंपी म्हणाला, उद्या दुकान उघडतो. माळी नातीकडे निघाला, परगावी.

लेक : कुणीच जाणार नाही?

बाबा : आपल्या मंडळातलं कुणी नाही. बाकीच्या गावांतली मंडळं मला दिसत नाहीत. पण टीव्ही एकच आहे. तूही एकच आहेस.

लेक : बाबा, तुम्ही तर चूक तिथल्या तिथं ओळखलीत. मग त्यांना सांगितलं का नाहीत?

बाबा : मी खिशात हात घालून बसलो.

लेक : म्हणजे गप्प बसलात.

बाबा : हो. दोनदा हात बाहेर काढले. शिंप्याकडे बघितलं आणि परत आत घातले. घरी आलो आणि झोपलो, तर स्वप्न पडलं.

लेक : कसलं?

बाबा : सरहद्दीच्या नदीवरचा तो पूल. इकडचे सैनिक एका टोकाला, तिकडचे दुसऱ्या टोकाला. आणि सगळ्यांना आमचीच भाषा येत होती. पण बोलायचं कसं? दोन्ही हातांत बंदूक. एकाला काहीतरी सांगायचं होतं. काय ते ठाऊक नाही, साधंच असेल, तंबाखू आहे का वगैरे. त्यानं बंदूक कठड्याला टेकवली. मग समोरच्याला उत्तर द्यायचं होतं, त्यानंही टेकवली. मग बघता बघता सगळा कठडा बंदुकांनी भरला आणि पूलभर हातच हात. धाकटा होता त्यात. कुणाशी तरी वाद घालत होता, नेहमीसारखा.

लेक : आणि?

बाबा : आणि जाग आली. तसाच पडून राहिलो. डोळे उघडले तर संपेल म्हणून.

आई : काय म्हणाले? चेहरा का असा झाला तुझा?

लेक : बाबांना स्वप्न पडलं, धाकट्याचं. तो वाद घालत होता.

आई : मग खरंच पडलं असेल.

लेक : मी टीव्हीच्या केंद्रात फोन करते. साहेबांना सांगून टाकते. भाषणाआधी चूक सुधारता येईल.

आई : कर. पण उभी राहून कर, बसून बोललीस की तुझा आवाज पडतो.

बाबा : ती कुठं गेली?

आई : फोन. फोन करते ती. अहो, फोन. असं काय बघताय? हा असा, कानाला.

बाबा : तुझी फोनची खूण म्हणजे दाढदुखी. इतकी वर्षं झाली लग्नाला.

आई : हसा. माझे हात तोतरे आहेत ते आहेत. दिवसभर शाळेत घंटा बडवायची, वर आता तळघरात वाळूच्या पोत्यांची भिंत रचायची, त्यात बोटं काय नाजूक राहतात? काही कळलं नाही ना तुम्हाला? जाऊ दे. नुसते बघा माझ्याकडे. तेही बरं असतं.

लेक : झालं बोलणं.

आई : काय म्हणाला तुझा साहेब?

लेक : आधी हसला. मग म्हणाला, कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघतंय कोण. आजचं भाषण सगळ्या देशासाठी आहे, त्यात असलं काही घालता येणार नाही. मतदान होऊ दे, मग निवांत बघू. आणि म्हणाला, हे बाहेर कुठं बोलू नका, उगाच मंत्र्यांच्या कानावर जायचं.

आई : पेपरात देता येईल?

लेक : उद्याचा पेपर छापायला गेला असेल. आणि आई, आपल्या मंडळातच किती जणांना धड वाचता येतं? फोन तर काय, ज्यांना सांगायचं त्यांनाच ऐकू येत नाही. त्यांच्यापर्यंत जायची एकच वाट आहे, ती चौकट. तिथं मी आज उभी राहणार. फक्त माझं म्हणून काही बोलायचं नाही.

बाबा : मला सांग. साहेब काय म्हणाला?

लेक : नाही म्हणाला. मतदान झाल्यावर बघू म्हणाला.

बाबा : मग राहू दे.

लेक : बाबा?

बाबा : राहू दे. आपली माणसं किती? सगळ्या देशात मूठभर. त्यांच्या मतानं काय फिरणार आहे? एक दिवस आनंदात आहेत. उद्या संध्याकाळी आपोआप कळेल.

लेक : उद्या संध्याकाळी कळेल तेव्हा मतदान संपलेलं असेल. एका मतानं निकाल फिरला तर? हे तुम्ही बोलताय? युद्ध नको म्हणून मंडळात सगळ्यात मोठे हात तुमचे असायचे.

बाबा : मी मागावर बसतो. मत उद्या आहे, पण गिरणीत चादरीचं सूत गेल्याच आठवड्यात उतरवलं. आता जाळीचं कापड चढलंय, जखमेला बांधायचं. वारच्या वार. संध्याकाळपर्यंत माझ्या मांडीवर नुसती जाळी असते.

लेक : म्हणजे ठरलंच आहे म्हणता?

बाबा : कापड ठरवत नाही. सूत तेच असतं, चादर परत चढवता येते. पण मी थकलो. कालची एक रात्र मला मिळाली. शिंप्याला मिळाली. ती तू परत मागायला निघालीस.

आई : थांबा जरा. भोंगा झाला.

लेक : आता?

आई : सराव आहे, सकाळी गल्लीत सांगून गेले होते. दिवे घालवायचे, परत भोंगा होईपर्यंत. त्यांना सांग, लगेच सांग, मी बटण दाबतेय.

लेक : बाबा, सराव आहे. अंधार होईल. घाबरू नका, मी तुमच्या शेजारी—

आई : झाला अंधार. पडदा ओढते. समोरची खिडकीही विझली बघ. सगळी गल्ली कशी पाण्याखाली गेल्यासारखी झाली.

लेक : त्यांना मी ‘शेजारी’पर्यंतच सांगितलं. पुढचं त्यांना दिसलं नसेल.

आई : हात धर त्यांचा.

लेक : धरलाय. ते माझ्या तळहातावर बोलतायत.

आई : काय म्हणतात?

लेक : ‘मी इथंच आहे.’

आई : ते कळलं गं, तू कुठं जाणारेस?

लेक : मी नाही, बाबा. दुसऱ्याचं सांगताना मी ‘मी’च म्हणते, कामच तसं आहे. आता तुम्ही दोघं बोला. मी मध्ये नाहीच असं समजा. तुझं मी त्यांच्या डाव्या हातावर लिहीन, माझं असेल ते उजव्या. म्हणजे या वेळी गोंधळ नको.

बाबा, लेकीच्या तोंडून : मागच्या युद्धात हे रोज होतं. भोंगा झाला की सकाळपर्यंत मी मुका. तुम्ही सगळे अंधारात बोलत असायचात, मला श्वास जाणवायचे. तू माझ्या हातावर बोटानं काहीतरी काढायचीस.

आई : नवं लग्न होतं. अक्षरं काढत होते म्हणे. लाज वाटायची, मग बोट कुठल्या कुठं जायचं.

बाबा, लेकीच्या तोंडून : अर्धं कळायचं नाही. बरं वाटायचं.

आई : आता हे पोरीच्या तोंडून ऐकायचं का मी? बरं, सांग त्यांना. म्हणावं, ते दिवस मीही विसरले नाही. युद्ध म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण माझी बहीण पुलाजवळच्या त्या गावात होती. यंदाच घर पेटलं तेव्हा ती आत होती. ज्यांनी पेटवलं ते नदीपलीकडं जेवतायत, झोपतायत. त्यांना कुणी विचारायचंच नाही? डॉक्टरीणबाईंचं एक अक्षर खोटं नाही, मी ऐकलंय, रडलेही. पण त्यांच्या बोलण्यात माझी बहीण कुठं होती? तिचं गाव मंत्र्याच्या तोंडी तरी येतं. दुसऱ्या कुणाच्या येत नाही.

लेक : हळू, आई. लिहायला वेळ लागतो.

आई : लिही. मी थांबते. अंधारच आहे, घाई कसली.

बाबा, लेकीच्या तोंडून : मंत्र्यानं तिला बघितलेलं नाही. मी बघितलंय. आपलं लग्न ठरलं त्याच आठवड्यात ती माझ्याशी बोलायला हात शिकली. तुझ्याआधी शिकली.

आई : माझ्याआधी, आणि माझ्याहून चांगले. चिडवायची मला त्यावरून. म्हणायची, तुझा नवरा तुझ्यापेक्षा माझ्याशी जास्त बोलतो.

बाबा, लेकीच्या तोंडून : तिच्यासाठी आता धाकट्यानं जायचं?

आई : जायचं.

लेक : आई.

आई : तू मध्ये नाहीस ना? मग लिही. जायचं म्हणते मी. आणि रोज रात्री त्याच्या अंथरुणावर जाऊन बसते, हेही लिही. दोन्ही खरं आहे. एक गाळून दुसरं सांगशील तर याद राख.

लेक : दोन्ही लिहिलं.

आई : काय म्हणाले?

लेक : तुझा हात मागतायत. इकडे दे, टेबलावरून. पुढं. हा.

आई : थंडगार झालेत यांचे हात.

लेक : ते माझ्याशी बोलतायत आता.

आई : मग सांग की.

लेक : हे माझ्यासाठी आहे.

आई : माझ्या तोंडचं सगळं त्यांना पोचवतेस, आणि त्यांचं मला नाही?

लेक : बरं. विचारतात, ‘काल तू विसरलीस, की तुला वळायचं नव्हतं?’

आई : हा काय प्रश्न झाला?

लेक : बरोबर प्रश्न आहे. आई, मी त्यांच्या हातावर लिहीत लिहीतच बोलते, म्हणजे तुम्हा दोघांना एकदमच कळेल. मला माहीत नाही, बाबा. बाईंनी ती खाट खिडकीपाशी ओढली, तेव्हा त्या खाटेवर मला आपला धाकटा दिसला. पांघरूण लाथाडून झोपतो ना, तसा. तेव्हा माझ्या डाव्या बाजूला मंत्री होता. मला वाटत होतं, हे यानं म्हणावं. एकदा तरी यानं म्हणावं. माझे हात त्याचे होते ना, मग त्याच्याकडून म्हणवून घेता आलं असतं. असा विचार करून केलं असं नाही. पण वळायचं राहून गेलं, की वळवेना, ते मला अजून सांगता येत नाही. आणि काल घरी आले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. का ते आज कळलं.

आई : रडू नकोस. लिहिताना हात हलेल.

बाबा, लेकीच्या तोंडून : म्हणूनच मला ते इतकं छान वाटलं होतं.

आई : आता माझं ऐका दोघं. डाव्या हातावर लिही. उद्या माझं मत ‘हवं’. शिंप्याचं ‘नको’, तुमचं ‘नको’, ते मंडळच्या मंडळ ‘नको’ म्हणणारं. ते घरी बसले तर माझंच फावतंय. हिशेब मला कळतो. पण म्हणून सांगते, त्यांना आज कळायला हवं. माझ्या बहिणीच्या नावानं जे काही व्हायचं ते सगळे जागे असताना होऊ दे. लोकांना झोपवून मला जिंकायचं नाही. त्यात तिचीही शोभा नाही.

लेक : लिहिलं.

आई : मग?

लेक : माझा तळहात मिटवून टाकला त्यांनी.

आई : हात सोडला का?

लेक : नाही. घट्ट धरलाय. थांब, बोलतायत.

बाबा, लेकीच्या तोंडून : मी काल खिशात हात घातले ते शिंप्याला झोपवायलाच. मला वाटलं, त्याच्या अंगावर पांघरूण घालतोय.

आई : त्यांना सांग, वाईट मनानं नाही केलं ते.

बाबा, लेकीच्या तोंडून : आज बोललीस तर ते तुला परत त्या चौकटीत उभं करणार नाहीत.

लेक : मला ठाऊक आहे, बाबा. साहेब मला तिथूनच घरी पाठवतील.

बाबा, लेकीच्या तोंडून : हात उसने द्यायचे, त्यात आपलं काही घालायचं नाही, हे मीच तुला शिकवलं.

लेक : शिकवलंत. आणि काल मी घातलं. ते बाहेर काढायला एकदा तरी माझं बोलावंच लागेल.

आई : भोंगा. ऐकलास? सुटलो. बटण कुठं गेलं मेलं... हा. आला उजेड. अहो, डोळे मिचकावू नका, आम्हीच आहोत.

बाबा : तुम्ही दोघी रडलात. मला वाटलं मी एकटाच.

आई : काय म्हणतात?

लेक : चहा टाक म्हणतात.

आई : खोटारडी. टाकते पण.

बाबा : बस माझ्यासमोर. वेळ थोडा आहे. मंत्री बोलताना मध्ये थांबतो का?

लेक : पाणी पितो. मोठं वाक्य झालं की पेला उचलतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला सांगायच्या नसतात. तेवढीच फट.

बाबा : त्यात मावेल एवढं. सांग बघू.

लेक : ‘कालच्या चर्चेत सांगताना माझ्याकडून असं झालं की डॉक्टरीणबाईंचे शब्द...’

बाबा : लांब आहे. पेला खाली येईल. आणि ‘असं झालं’ नको. आपोआप झाल्यासारखं वाटतं.

लेक : ‘काल मी चुकले. युद्ध नको म्हणाल्या त्या डॉक्टरीणबाई. मंत्री नाही.’

बाबा : बरं. मग?

लेक : ‘उद्या मत द्यायला जा.’

बाबा : काय द्या, ते सांगणार?

लेक : नाही.

बाबा : तुला सांगावंसं वाटेल. सगळ्या देशातली आपली माणसं समोर आणि तुझे हात मोकळे. मला वाटलं असतं.

लेक : मलाही वाटेल. नाही सांगणार. ते सांगितलं तर आई म्हणते तसं, परत झोपवल्यासारखंच होईल.

बाबा : आईनं तुला काय काय सांगितलं अंधारात, मला नीट वाचायला हवं होतं. तिचं बोट मला नेहमी अर्धंच कळतं.

लेक : या वेळी बोट माझं होतं. सगळं लिहिलंय.

बाबा : परत करून दाखव. वाक्य.

लेक : ‘काल मी चुकले...’

बाबा : तुझा ‘मी’ डावीकडे जातोय. सवय झालीय त्याला. इकडे, स्वतःच्या छातीवर. खांदे सरळ.

लेक : ‘मी.’

बाबा : परत.

लेक : ‘मी.’

बाबा : हां. आता तू दिसलीस.

आई : खाली गाडी वाजतेय. चहा राहिला तुझा. घोटभर तरी घे, जीभ भाजेल, भाजू दे, जिभेचं काम नाही आज. आणि ती काळी ओढणी घे, तिच्यावर हात उठून दिसतात.

लेक : आई, तुला राग नाही ना?

आई : आहे की. तुझ्यावर आहे, यांच्यावर आहे, त्या मंत्र्यावर आहे, ज्यांनी आग लावली त्यांच्यावर तर विचारूच नकोस. तेवढ्यासाठी काय गाडी उभी करून ठेवायची? जा.

लेक : बाबा, निघते. तुम्ही घरी बघणार?

बाबा : मंडळात जातो. लवकर जाऊन शिंप्याच्या शेजारची खुर्ची धरतो. तुझं बोलून झालं की तो टेबलाकडे बघत बसेल, तेव्हा कुणीतरी जवळ हवं. या वेळी हात बाहेर ठेवतो.

आई : काय म्हणाले गं?

लेक : मंडळात जातायत. शिंप्याच्या शेजारी बसायला.

आई : त्यांना म्हणावं, चपला घालतेय, थांबा. त्याच्या दुसऱ्या बाजूला मी बसते.